मोरचूद, चुना आणि विळ्याचे पाते

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात होती. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर फुटलेली पालवी पावसाळाभर सांभाळायची, म्हणजे ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीपर्यंत काडी पक्व होते, हे त्या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. जुलै-ऑगस्टात चार दिवस सूर्य दिसला नाही की वडील बागेच्या टोकाला प्लॅस्टिकची टिपाडे मांडत. एकात मोरचुदाचे निळे पाणी असे, दुसऱ्यात विझवलेल्या चुन्याची गाळलेली निवळी, आणि दोन्ही एकत्र होऊन आकाशी रंगाचे दाट मिश्रण तयार झाले की वडील विळ्याचे घासून लख्ख केलेले पाते त्यात बुडवून मिनिटभर थांबत. पाते बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस छटा दिसली तर आणखी चुना घालायचा, आणि ते पोलादी राहिले तर पंप सुरू करायचा. यामागचे रसायनशास्त्र त्यांनी कधी सांगितले नाही, आणि मीही ते पुढे महाविद्यालयात शिकेपर्यंत विचारले नाही. त्यानंतर नोकरीची बरीच वर्षे मी अजैव क्षार बनवणाऱ्या कारखान्यांत काढली. तेथे हाताळलेल्या सगळ्या क्षारांत मोरचुदाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्याचे उत्पादन, त्याचे उपयोग आणि त्याचे उपद्रव या तिन्ही गोष्टी एकाच गुणाभोवती फिरतात: हा क्षार पाण्यात फार सहज विरघळतो.

मोरचूद म्हणजे पाच रेणू स्फटिकजल धारण करणारे कॉपर सल्फेट. संस्कृतात त्याला तुत्थ म्हणतात, आणि अमरकोशात त्याच्या नावांमध्ये शिखिग्रीव म्हणजे मोराची मान आणि मयूरक ही नावे येतात. ज्याने मोर जवळून पाहिला आहे आणि मोरचुदाचा मोठा स्वच्छ खडाही पाहिला आहे, त्याला हे नामकरण पटल्याशिवाय राहत नाही. हिराकस हा लोखंडाचा सल्फेट आणि मोरचूद हा तांब्याचा. दोघेही वाण्याच्या आणि काष्ठौषधीवाल्याच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसत आले आहेत. आजही बाजारात शंभर किलो मोरचूद विकत घेतले तर त्यात तांबे सुमारे साडेपंचवीस किलो असते, पाणी छत्तीस किलो असते आणि उरलेला भाग सल्फेटचा असतो. कोरड्या, खडखडीत दिसणाऱ्या खड्यात तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाणी आहे, ही गोष्ट कारखान्यातल्या नव्या मुलांना सांगितली की ती पोत्याकडे संशयाने पाहू लागत.

हे पाणी खड्यात एका पद्धतीने बसलेले नाही. चार रेणू तांब्याच्या आयनाला चहूबाजूंनी थेट चिकटलेले असतात आणि पाचवा सल्फेटच्या सोबतीने हायड्रोजन बंधांनी अडकलेला असतो. ही रचना 1934 साली बीव्हर्स आणि लिप्सन यांनी क्षकिरणांच्या साहाय्याने उलगडली. तापवताना पाणी सुटते तेही टप्प्याटप्प्याने: सुमारे 63 अंश सेल्सिअसला दोन रेणू, 109 अंशांच्या आसपास आणखी दोन, आणि शेवटचा रेणू 200 अंशांपर्यंत तग धरतो. तोही गेला की निळेपणा पूर्ण जातो आणि हातात राहते ती पांढुरकी भुकटी. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की ती चुरचुरत, चांगली गरम होत पुन्हा निळी होते. एखाद्या द्रवात पाणी आहे की नाही, हे ओळखण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत हीच भुकटी वापरतात. तापमान 650 अंशांच्या पुढे नेले तर सल्फेटही मोडतो आणि काळे कॉपर ऑक्साइड मागे उरते.

विद्राव्यतेचे आकडे पाहिले म्हणजे पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. खोलीच्या तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात साधारण 35 ग्रॅम मोरचूद विरघळते आणि पाणी उकळते असेल तर 200 ग्रॅमच्या आसपास. गरम आणि थंड पाण्यातला हा मोठा फरक म्हणजे क्षार बनवणाऱ्याला मिळालेली देणगीच आहे. गरम द्राव तांब्याने पुरेपूर भरायचा आणि थंड करायचा. जेवढे थंड पाण्याला पेलत नाही तेवढे स्फटिक होऊन खाली बसते आणि अशुद्ध घटक, प्रमाण कमी असल्यामुळे, बहुतांशी वर उरलेल्या मातृद्रावात राहतात. मिठाच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण मिठाची विद्राव्यता तापमानानुसार फारशी बदलत नाही. म्हणून मिठागरात पाणी आटवावे लागते.

तांब्यावर गंधकाम्ल ओतले की मोरचूद तयार होते, असे शालेय पुस्तकातले समीकरण वाचून वाटते. प्रत्यक्षात सौम्य गंधकाम्लात तांब्याचा तुकडा वर्षभर ठेवला आणि हवा लागू दिली नाही, तर जवळजवळ काहीच होत नाही. क्रियाशीलतेच्या क्रमात तांबे हायड्रोजनच्या खाली आहे, त्यामुळे ते आम्लातून हायड्रोजनला हुसकावू शकत नाही. संहत आणि तापलेले गंधकाम्ल घेतले तर क्रिया होते खरी. पण त्यात निम्मे आम्ल सल्फर डायऑक्साइड होऊन उडून जाते, म्हणजे खर्चही वाया आणि वर घशाला झोंबणारा वायू आवरण्याची डोकेदुखी. कारखान्यात यातून काढलेली वाट साधी आहे: आम्ल सौम्य ठेवायचे आणि ऑक्सिडीकरणाचे काम हवेकडून करून घ्यायचे. तांब्याचे दोन अणू, आम्लाचे दोन रेणू आणि हवेतला ऑक्सिजनचा एक रेणू एकत्र आले की कॉपर सल्फेटचे दोन रेणू आणि पाणी मिळते, बाहेर काहीच उडत नाही. हिशेब मांडला तर एक टन मोरचुदाला 255 किलो तांबे आणि 393 किलो शुद्ध गंधकाम्ल लागते. बाकीचे वजन हवा आणि पाणी भरून काढतात, आणि या दोन्ही गोष्टी फुकट आहेत, असे आमचे एक वरिष्ठ गमतीने म्हणत असत.

हवा, आम्ल आणि तांबे हे तिघे एकाच जागी भेटले पाहिजेत, म्हणून तांब्याचा पृष्ठभाग जितका मोठा तितके काम जलद होते. त्यासाठी भंगारातले तांबे वितळवून त्याची धार थंड पाण्यात सोडतात. त्यातून पोकळ, वेड्यावाकड्या, पिसासारख्या हलक्या गोळ्या तयार होतात. उंच मनोऱ्यात त्या भरून वरून गरम सौम्य आम्ल शिंपडत ठेवायचे आणि खालून हवा व वाफ सोडायची. क्रिया स्वतःच उष्णता देते, त्यामुळे एकदा सुरळीत सुरू झाली की वाफेची गरज कमी होते. तळाशी जमणारा गडद निळा द्राव गाळून स्फटिकीकरणाच्या टाक्यांत जातो. जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत या टाक्यांमध्ये शिशाच्या पट्ट्या टांगलेल्या असत आणि त्यांवर काही दिवसांत बोटाएवढे तिरकस कडांचे स्फटिक लगडत. आता द्राव ढवळत थंड करतात आणि साखरेसारखे बारीक दाणे काढून ते अपकेंद्री यंत्रात कोरडे करतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने बारीक दाणा चांगला, कारण तो लवकर विरघळतो. पण आमच्या भागात कित्येकांचा विश्वास अजून मोठ्या खड्यावरच आहे, आणि त्याला थोडा आधारही आहे, कारण मोठ्या पारदर्शक खड्यात भेसळ लपवणे अवघड असते. हाच क्षार तांबे शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतून उपउत्पादन म्हणूनही निघतो. तेथील विद्युत्‌घटात कॉपर सल्फेट आणि गंधकाम्ल यांचाच द्राव असतो; त्यात साचत जाणारा निकेलसारखा कचरा आटोक्यात ठेवण्यासाठी थोडा द्राव सतत बाहेर काढावा लागतो आणि त्यातले तांबे मोरचुदाच्या रूपाने परत मिळवतात.

आता पुन्हा बागेकडे येतो, कारण या क्षाराचा सर्वांत गाजलेला उपयोग द्राक्षाशीच बांधलेला आहे. 1807 साली बेनेदिक्त प्रेव्हो या फ्रान्समधल्या अभ्यासकाने गव्हाच्या काणीचे बीजाणू तांब्याच्या अत्यल्प अंशानेही रुजत नाहीत, हे दाखवून दिले होते; त्याकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने युरोपातल्या द्राक्षवेलींची मुळे पोखरली, त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतलेच खुंट आणले गेले, आणि 1878 च्या सुमारास फ्रान्समध्ये केवडा, म्हणजे ज्याला आपल्याकडचे बागायतदार डाऊनी म्हणतात तो रोग, येऊन पोहोचला. बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक अलेक्सी मियार्दे हे ऑक्टोबर 1882 मध्ये मेदोक भागातल्या सां-ज्युलियाँ येथील द्राक्षमळ्यांतून जात असताना त्यांना दिसले की सगळीकडे पाने गळालेली आहेत, पण रस्त्याकडेच्या ओळींची पाने हिरवीगार आहेत. चौकशी केल्यावर समजले की येणारे-जाणारे घोस तोडतात म्हणून तेवढ्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर, विषारी दिसणारे मिश्रण शिंपडलेले होते. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला होता. मियार्दे यांनी युलिस गेयाँ या रसायनशास्त्रज्ञाच्या मदतीने प्रयोग केले आणि 1885 मध्ये या मिश्रणाची कृती जाहीर केली, ज्याला बोर्दोवरून बोर्डो मिश्रण म्हणतात: शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद, आणि तीस लिटर पाण्यात पंधरा किलो चुना. आजच्या एक टक्का बोर्डो मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना पडतो, म्हणजे मूळची कृती फवाऱ्याने मारण्याऐवजी केरसुणीने शिंपडण्याइतकी दाट होती, आणि ती तशीच शिंपडतही असत.

चुन्याचे काम काय, हा या मिश्रणातला कळीचा प्रश्न आहे. नुसते मोरचुदाचे पाणी पानावर मारले तर बुरशी मरेल, पण पानही करपेल, आणि पहिल्या सरीत उरलेले तांबे धुऊन जाईल. चुन्याच्या सान्निध्यात विरघळलेले तांबे अविद्राव्य होते: कॉपर हायड्रॉक्साइड आणि सल्फेट यांचे संयुक्त स्वरूपाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, जोडीला जिप्सम पडते, आणि वाळल्यावर हा थर पानाला चिकटून बसतो. पुढे दवातले व पावसातले कार्बन डायऑक्साइड, पानाचे आणि रुजू पाहणाऱ्या बीजाणूचे स्राव यांच्यामुळे त्यातून तांबे अगदी थोडे थोडे सुटत राहते. बीजाणू ते शोषून घेतो आणि त्याच्या विकरांची प्रथिने निकामी होतात. पानाच्या आत शिरलेल्या बुरशीला मात्र यातले काही पोहोचत नाही. म्हणून बोर्डो रोग येण्याआधी मारायचा असतो. मण्यांवर डाग पडतात म्हणून घोस भरू लागल्यावर तो टाळतात.

विळ्याच्या पात्याचे उत्तरही येथेच मिळते. मिश्रणात विरघळलेले तांबे शिल्लक असेल तर लोखंड त्याची जागा घेऊन द्रावात उतरते आणि तांबे पात्यावर बसते. पाते स्वच्छ राहिले याचा अर्थ सगळे तांबे चुन्याने बांधले आहे. याच कारणाने मिश्रण लोखंडी पिंपात करू नये, आणि केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे, कारण रात्रभर ठेवले की सूक्ष्म कणांचे मोठे, जड कण होतात, ते तळाशी बसतात आणि पानाला नीट धरत नाहीत. दोन्ही द्राव आधी भरपूर पाण्यात वेगवेगळे पातळ करायचे आणि मग एकत्र ओतायचे, हा नियमही कण बारीक राहावेत यासाठीच आहे.

पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना मला या बाबतीत एक धडा मिळाला, आणि तो पूर्णपणे माझ्याच शहाणपणाचा प्रसाद होता. एक किलो मोरचुदातले तांबे बांधायला शुद्ध कळीचा चुना 225 ग्रॅम पुरतो, हे मी कागदावर काढले आणि एक किलो चुना घालणे म्हणजे अडाणीपणा आहे, असे घरात जाहीर केले. वडील लग्नाला बाहेरगावी गेले होते. मी तीनशे ग्रॅम चुना घेतला आणि मनाशी म्हटले की पंचाहत्तर ग्रॅम वरकड आहे, मग पाते कशाला बुडवायचे? ज्या पोत्यातला चुना घेतला ते पोते पावसाळाभर पडवीत उघडे पडले होते. हवेतल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने त्यातला बराचसा चुना चुनखडीत परत गेला होता. कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे मोरचुदाशी त्याची गाठ पडते ती फार सावकाश. तिसऱ्या दिवशी दोन ओळींची कोवळी पाने कडेने भाजल्यासारखी तपकिरी झाली. वडिलांनी येऊन पाने पाहिली, पोत्यातला चुना चिमटीत घेऊन पाण्यात टाकला, तो फसफसून तापला नाही हे मला दाखवले, आणि पुढचा आठवडाभर विळा माझ्याकडेच दिला. आता बहुतेक बागायतदार सामू, म्हणजे पीएच, मोजण्याची पट्टी वापरतात आणि चुना थोडा थोडा घालत सामू सातच्या वर नेतात; ती पद्धत चांगलीच आहे, पण जुने झाले म्हणून पाते खोटे ठरत नाही.

द्राक्षापलीकडेही या मिश्रणाची वस्ती मोठी आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पोफळीच्या बागांत पावसाळ्यात कोळेरोगाने कोवळ्या सुपाऱ्या गळतात. हा रोग म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासला आणि तेव्हापासून पाऊस सुरू होण्याआधी घोसांवर बोर्डो मारण्याचा प्रघात पडला. मृगाआधी पोफळीवर चढून ओल्या खोडाला धरून फवारणी करणाऱ्यांचे कसब पाहण्यासारखे असते. विदर्भातल्या संत्र्यावर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येऊ नये म्हणून पावसाळ्याच्या आगेमागे खोडाला दाट बोर्डो मलम लावतात. दुरून सगळी बाग कमरेपर्यंत निळसर धोतर नेसल्यासारखी दिसते. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग असूनही तेथे बोर्डो मारतात, कारण तांबे बुरशी आणि जिवाणू असा भेद करत नाही.

साठवणीच्या पाण्यातले शेवाळ मारण्यासाठी मोरचूद वापरण्याची पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी 1904 मध्ये रूढ केली. येथे मात्र चुन्याची भूमिका उलटी होते. पाणी मुळातच कठीण आणि अल्कधर्मी असेल तर तांबे खाली बसते आणि मात्रा वाया जाते. पाणी मऊ असेल तर तीच मात्रा मासे मारते. मेंढ्यांच्या खुरांना सडका रोग लागला की मोरचुदाच्या पाण्यातून त्यांना चालवतात, पण मेंढी हा तांबे फार कमी सोसणारा प्राणी आहे, आणि त्या पाण्याला तिने तोंड लावू नये हे पाहावे लागते.

खाणीत जस्ताचे खनिज फेसाने वर तरंगवून वेगळे करताना मोरचूद थोडेसे घालतात. जस्ताच्या सल्फाइडच्या कणावर तांब्याचा पातळ थर चढतो आणि तो थर कणाला हवेच्या बुडबुड्याशी बांधणाऱ्या रसायनाला पकडतो. एरवी तो कण तळाशी बसला असता. विद्युत्‌विलेपनात हाच क्षार तांब्याचा पुरवठा करतो. 1836 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या जॉन डॅनियल यांनी तयार केलेल्या सुमारे 1.1 व्होल्टच्या घटात तांब्याच्या भांड्यात मोरचुदाचाच द्राव होता, आणि सुरुवातीच्या अनेक तारायंत्रांना वीज या घटाने दिली.

उपद्रवाविषयी आडपडदा ठेवू नये. मोरचूद पोटात गेले तर थोड्या ग्रॅममध्येही जठर जळते, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. निळे खडे मुलांना खडीसाखरेसारखे वाटतात, त्यामुळे घरात ते उघडे ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. शेतातला उपद्रव संथ आहे. तांबे कुजत नाही, उडून जात नाही, आणि मातीच्या वरच्या थराला धरून राहते. वर्षानुवर्षे फवारलेल्या मळ्यात ते साचते आणि गांडुळांना व मातीतल्या सूक्ष्मजीवांना जाचते. युरोपीय संघाने याच कारणाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, आणि ज्या सेंद्रिय शेतीत कृत्रिम औषधे वर्ज्य आहेत तिलाही ती लागू आहे. आपल्याकडची काळी, चुनखडीयुक्त जमीन तांबे बांधून ठेवते म्हणून त्रास उशिरा दिसतो. तो नाहीच, असे मानण्याचे कारण नाही.

विकत घेताना पुड्यावर तांब्याचे प्रमाण किमान 24 टक्के लिहिलेले असते. हिराकस मिसळल्याचा संशय असेल तर थोडे मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया जास्त प्रमाणात घालावा. शुद्ध मोरचुदाचा द्राव नितळ गडद निळा होतो. लोखंड असेल तर तपकिरी गाळ तळाशी उरतो.

निवृत्तीनंतर गावच्या एका रक्तदान शिबिरात मोरचूद मला पुन्हा भेटले. रक्तदात्याच्या बोटाचा थेंब निळ्या द्रावात सोडला जातो आणि तो बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसे आहे असे समजतात. हा द्राव बरोबर 1.053 विशिष्ट गुरुत्वाचा केलेला असतो, आणि तेवढी घनता दर डेसिलिटरला 12.5 ग्रॅम हिमोग्लोबिनशी जुळते. डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही पद्धत बसवली. साध्या मिठाच्या पाण्यात थेंब पसरून गेला असता. येथे तांबे रक्तातल्या प्रथिनांशी लगेच संयोग पावते, थेंबाभोवती एक पातळ पिशवी तयार होते आणि सुमारे पंधरा सेकंद आतले रक्त बाहेरच्या द्रावात मिसळत नाही. पानावर बीजाणूच्या प्रथिनांना जाऊन चिकटणारे तांबे ते हेच. माझा थेंब क्षणभर मध्येच रेंगाळला, परिचारिकेने घड्याळाकडे पाहिले, आणि मग तो सावकाश तळाशी गेला.